हेफेलेंच्या दारावरची पाटी

बंधू ट्राउगोट हेफेले बुधवारी सकाळी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, देवाघरी गेले. त्या वेळी झाडलोटीची पाटी त्यांच्या दारावर होती. माणूस आयुष्यभर इतका व्यवस्थित आणि शेवटी असं करून बसला, याचं आमच्या इमारतीला फार वाईट वाटलं. शनिवारी दुपारी झाडून, पाटी पुढच्या दारावर लावून, रविवारी निवांत गेले असते तर कुणाचीच हरकत नव्हती.

मी इमॅन्युएल बिट्झर, हाल्डेनबाखच्या प्रोटेस्टंट बंधुसंघाच्या इमारत क्रमांक चौदाचा चिटणीस. आमच्याकडे सहा बिऱ्हाडं, एक जिना आणि एक लाकडी पाटी. पाटीवर 'झाडलोटीचा आठवडा' एवढेच शब्द. ज्याच्या दारावर पाटी, त्याने आठवडाभर जिना, तळघर आणि फुटपाथ झाडायचा, शनिवारी पुसून काढायचा आणि स्वतःच्या हाताने पाटी पुढच्या दारावर टांगायची. एकशे चाळीस वर्षं हे असंच चालू आहे. मध्ये दोन महायुद्धं झाली, पण पाटी कुणाच्या दारावर एक दिवस जास्त राहिली नाही.

आमच्या गावाची भरभराट याच जिन्याने वर आली. कपाटांच्या बिजागऱ्या कराव्यात तर हाल्डेनबाखनेच. कारखान्याचे मालक बंधू एबरहार्ट केखेले आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याएवढ्याच जागेत राहतात आणि स्वतः झाडतात. दारात त्यांची जुनी खटारा गाडी असते. चांगली गाडी शेजारच्या कॅथलिक गावात ठेवलेली असते, तिथे श्रीमंतीला कुणी नावं ठेवत नाही. परदेशातून गिऱ्हाईक आलं की केखेले त्याला कारखान्याच्या आधी आमचा जिना दाखवतात. गिऱ्हाईक कठड्यावरून बोट फिरवतं, बोटाकडे बघतं आणि सही करतं. देव ज्याच्यावर प्रसन्न, त्याची पायरी स्वच्छ. आणि पायरी स्वच्छ, की मागणी पक्की. मंगळवारी आम्ही 'तासा'ला बसतो, म्हणजे मोजून एक तास बायबल वाचतो, त्यात दुसरं काही विशेष निघत नाही.

तर शनिवारी जिना झाडला गेला नाही. मंगळवारी तासाला मी विषय काढला.

"पुढची पाळी माझी," पहिल्या मजल्यावरच्या लिडियाबाई श्वेंकेल म्हणाल्या. त्या विधवा आहेत आणि जिभेला हाड नाही. "मी पाटी काढून आणते आणि झाडते. हाय काय नि नाय काय!"

"पाटी मागच्याने द्यायची असते, पुढच्याने घ्यायची नसते," केखेले म्हणाले. "कलम चार."

"मागचा मेलाय हो!"

आमच्यात कुणी मरत नाही. आम्ही देवाघरी जातो.

"बाई," केखेले समजुतीच्या सुरात म्हणाले, "मेले म्हटलं तर आपल्या श्रद्धेचं काय राहिलं? हेफेले दुसरीकडे राहायला गेलेत. आणि दुसरीकडे राहायला जाणाऱ्याने जाण्यापूर्वी झाडून, लेखी कळवून जायचं असतं. कलम सात."

आजारपण, बाळंतपण आणि सैन्यात भरती या तीन कारणांनी सूट होती. मृत्यूचा नियमावलीत उल्लेखच नव्हता. ती ज्यांनी लिहिली ते सगळे देवाघरी गेलेले असल्यामुळे विचारायची सोय नव्हती. मी रीतसर हेफेलेंच्या नावे स्मरणपत्र लिहून त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. पंधरा दिवसांनी दुसरं. तिसऱ्यात भाषा जरा कडक करावी लागली. 'आपल्या सध्याच्या मुक्कामी जिन्याची काय व्यवस्था आहे याची समितीला कल्पना नाही,' असं मी लिहिलं. पण बायबलात याकोबाला दिसलेल्या स्वर्गाच्या शिडीवरून देवदूतांची सारखी ये-जा असते, म्हणजे माती तिथेही पडत असणार, आणि हेफेले तिथे काय उत्तर देत असतील, या विचाराने मलाच कसंसं झालं.

पाचव्या आठवड्यात भलतंच घडलं. लिडियाबाई पहाटे साडेपाचला, चपला काढून, झाडू हातात घेऊन जिन्यावर सापडल्या. केखेलेंनीच पकडलं.

"पानं आली होती हो वाऱ्याने. पाय घसरून कुणी पडलं असतं!"

"ते राहू द्या. कुणाच्या नावाने झाडत होतात?"

"कुणाच्या म्हणजे? पाटी हेफेलेंच्या दारावर, म्हणजे हेफेलेंच्या!"

बाई फसल्या. गेलेल्या माणसाच्या नावाने मागे राहिलेल्याने काही पुण्य करायचं, की तिकडे त्याची शिक्षा कमी होते, ही शिकवण शुद्ध कॅथलिक. तिच्याविरुद्ध आमचे पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी उठले होते, आणि इथे आमच्याच जिन्यावर एक बाई झाडूने हेफेलेंचा आत्मा सोडवत होती! समितीने फार ताणलं नाही. झालेलं कृत्य रद्द समजावं आणि कचरा पूर्ववत करावा, एवढाच ठराव झाला. लिडियाबाईंनी सुपलीत भरलेली पानं परत आणली आणि पायऱ्यांवर पसरली. तिसऱ्या पायरीवर जरा कमी पडली होती, तिथे मी अंगणातली थोडी आणून घातली.

मग वालबुर्गा मीले आली.

ती तालुक्याच्या रुग्णालयात नर्स, पंथाने कॅथलिक. कर्मचाऱ्यांच्या चाळीत चौथ्या मजल्यावर आईला घेऊन राहत होती, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. नाताळापासून म्हातारी खाली उतरली नव्हती. त्यात चाळ पाडायला काढलेली, महिनाअखेर खोली सोडायची. हेफेलेंची जागा तळमजल्यावरची, मागे बागेत उघडणारं दार. वालबुर्गाने ते दार उघडलं आणि एकदम खालच्या ओट्यावर बसूनच राहिली.

"आई इथे खुर्ची टाकून बसेल," ती म्हणाली. "चिटणीससाहेब, कधी येऊ आम्ही? नाहीतर तिला गावाकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, दोन तास बसने. मला महिन्यातून एकदा जमेल जायला. ती मला रोज विचारते, जागेचं काय झालं म्हणून."

"जागा तुमचीच आहे असं समजा," मी म्हणालो. "फक्त दारावर पाटी आहे. ती उतरेपर्यंत जागा सुटी होत नाही."

तिने पाटी वाचली. मग जिना बघितला. तोवर दहा आठवडे उलटले होते. पानं कुजून गेली होती आणि केखेले आपल्या गिऱ्हाइकांना मागच्या दाराने नेत होते.

"एवढंच ना? द्या इकडे झाडू. अर्ध्या तासाचं तर काम आहे!"

मी घाईघाईने झाडू पाठीमागे लपवला.

कॅथलिक बाई, देवाघरी गेलेल्या प्रोटेस्टंट माणसाच्या वाट्याचं झाडणार! लिडियाबाईंना निदान अज्ञानाचा फायदा देता आला होता. हिच्या तर धर्मातच ते बसत होतं. समितीची तातडीची बैठक झाली. 'तिनं झाडावं, पण स्वतःच्या नावानं,' अशी तोड केखेलेंनी काढली. आपण फक्त आपलाच कचरा झाडू शकतो. तेव्हा कचरा तिचा आहे असं तिने लिहून दिलं, की हेफेलेंचा संबंध संपला. मी मसुदा केला: 'मी, वालबुर्गा मीले, कबूल करते की इमारत क्रमांक चौदाच्या जिन्यावरील अकरा आठवड्यांचा कचरा माझा स्वतःचा असून तो साचण्यास सर्वस्वी मीच जबाबदार आहे.'

ती वाचून हसली. "बस्स? अहो, आम्हाला लहानपणापासून सवय आहे कबुलीजबाबाची. न केलेली पापंसुद्धा कबूल केलीत मी, फादरना उशीर होऊ नये म्हणून. कबूल केलं, की माफ होतं, की मोकळं!"

तिने सही ठोकली. त्यांच्याकडे कबुली ऐकून विसरतात. आमच्याकडे ती फाइलला लागते. हे तिला सांगायला हवं होतं, पण तोपर्यंत ती बाही वर सारून कामाला लागली होती.

शनिवारी तिने असा जिना काढला, असा काढला, की एकशे चाळीस वर्षांत कुणी काढला नसेल. कोपरे चाकूने खरवडले. कठडा मेणाने पुसला. आईला टॅक्सीने आणून बागेच्या दाराशी बसवलं होतं. म्हातारी तोंड वर करून नुसती ऊन खात होती. पाचही दारांच्या भोकांतून आम्ही वालबुर्गाला बघत होतो. दुपारी तिने स्वतःच्या हाताने पाटी काढून लिडियाबाईंच्या दारावर टांगली, आणि आमची पद्धत बचावली.

मंगळवारी तिचा अर्ज समितीपुढे आला. केखेलेंनी चष्मा लावून जोडपत्र वाचलं.

"अर्जदार अकरा आठवडे जिन्यावर कचरा साचू देते," ते म्हणाले. "लेखी कबूल करते. अशा बाईला आपण जागा द्यायची?"

"अहो, तो तिचा नाहीच मुळी!" लिडियाबाई ओरडल्या. "लाज वाटू द्या जरा! तुम्हीच लिहून घेतलंत!"

"म्हणजे तिने खोटं लिहून दिलं, असं म्हणायचंय तुम्हाला?" केखेलेंनी चष्मा काढला. "ते तर त्याहून वाईट."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मसुदा माझा होता, अक्षरही माझंच. मतदान झालं. लिडियाबाई सोडून सगळ्यांनी अर्जाविरुद्ध हात वर केले, त्यात माझाही होता. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी इतिवृत्तात रकाना नाही.

निरोप सांगायला मीच गेलो. वालबुर्गाने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हाताला अजून मेणाचा वास येत होता.

"अकरा आठवडे," ती म्हणाली, "तुम्ही पाच घरची माणसं रोज त्या घाणीतून वरखाली केलीत. तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही का हो, की आपण नुसतं झाडावं?"

"वाटलं की," मी म्हणालो. "म्हणून तर नियम आहेत."

महिनाअखेरीला म्हातारी वृद्धाश्रमात गेली.

जागा अजून रिकामी आहे. अर्ज मागवले आहेत. धर्माची, जातीची, देशाची अट नाही. आम्ही काही जुनाट माणसं नव्हे. मीले प्रकरणानंतर समितीने फॉर्ममध्ये एकच नवा रकाना वाढवला आहे: 'सध्या राहता तेथील जिना कोण झाडते? पूर्ण नाव लिहावे.' आतापर्यंत सत्तावीस अर्ज आले. डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, एक तर सामाजिक समतेवर व्याख्यानं देणारे आहेत. सगळ्यांचे जिने लखलखीत. आणि सत्तावीसही जणांनी त्या रकान्यात लिहिलंय, 'बाई येते.'

तुम्हीही आम्हाला हसत हसत इथवर आलात. जागा हवी असेल तर तुम्हीही करा अर्ज, संकोच नको. तुमचाही जिना स्वच्छच असणार. फक्त तेवढा रकाना भरा. आडनावासकट.