ग्यूबिनचे पहिले झबले

मंगळवारी संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंचा फोन आला तेव्हा हेरिम सोफ्यावर पाय वर घेऊन भाजलेली रताळी खात होती. सातवा महिना सरत आला होता आणि पोटावर बशी तोलण्याची कला तिला आता चांगली साधली होती.

"अगं, बाळाच्या कपड्यांचे तीन खोके पाठवले ना तुला, त्यात एक पांढरं झबलं असेल बघ," यांगमी जाऊबाई म्हणाल्या. "बाहीला निळ्या दोऱ्याची टीप आहे. ग्यूबिनचं पहिलं झबलं. चुकून गेलं गं त्यात. आणि परवा परीक्षा त्याची!"

हेरिमने हातातले रताळे बशीत ठेवले. मुलाचे पहिले झबले जपून ठेवायचे आणि मोठ्या परीक्षेच्या दिवशी ते त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवायचे, यावर जाऊबाईंची अढळ श्रद्धा होती. गेल्या वर्षी त्या गडबडीत शिवायला विसरल्या आणि ग्यूबिनची विद्यापीठाची परीक्षा गेली. त्या वर्षी त्याने अभ्यासही केला नव्हता, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

"आहे ना, जाऊबाई," हेरिम म्हणाली. "सगळं धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवलंय."

"किती गुणाची गं! मला वाटत होतं, जुने कपडे पाठवले म्हणून रागावली असशील. उद्या दुपारी येते न्यायला. बाळाचं कपाटही बघेन."

हेरिमने बाळाचे कपाट उघडले. आत मोठ्या दुकानातून आणलेले फिक्या पिवळ्या रंगाचे कपडे होते, सगळे नवेकोरे. जाऊबाईंच्या खोक्यातले एक टोपरेसुद्धा नव्हते. आठ वर्षे वाट पाहून, छत्तिसाव्या वर्षी मूल होत होते. त्याने दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले घालावे हे तिला सोसेना. म्हणून गेल्या शुक्रवारी तिने फोनवर 'फुकट देणे आहे' अशी जाहिरात टाकली आणि पलीकडच्या इमारतीतल्या सेयोन नावाच्या बाळंतिणीचा नवरा येऊन तिन्ही खोके घेऊन गेला. रताळी त्यानेच दिली होती.

"खरं सांगून टाक वहिनीला," तिचा नवरा सूहन म्हणाला.

"तू सांग. तुझी वहिनी आहे."

सूहनने जरा विचार केला. "नाहीतर असं कर. सकाळी त्या सेयोनकडे जाऊन ये."

रात्रभर हेरिमला झोप नाही. ग्यूबिन दुसऱ्यांदा नापास होतो, मग तिसऱ्यांदा, आणि दर नव्या वर्षाच्या जेवणाला जाऊबाई तिच्याकडे पाहून नुसता सुस्कारा टाकतात, असे सगळे तिला डोळ्यांपुढे दिसत राहिले.

बुधवारी सकाळी तिने सेयोनच्या दाराची घंटा वाजवली. दार चार बोटे उघडले. फटीतून एक म्हातारी दिसली. सेयोनची सासू.

"आत यायचं नाही! बाळ एकोणीस दिवसांचं आहे. एकवीस झाल्याशिवाय परक्याला आत घेत नाही आम्ही."

"मी नाही येत आत, आजी. पण एक झबलं बाहेर यायला हवंय."

हेरिमने सगळे सांगितले. निळी टीप ऐकताच म्हातारी आत वळून पाहू लागली. "ते तर बाळाच्या अंगावर आहे! परीक्षेसाठी हवंय म्हणतेस? म्हणजे झबल्यात गुण आहे. मुलगा चांगला निघाला?"

"हो, फार गुणी," हेरिम अभिमानाने म्हणाली.

"मग तर मुळीच देत नाही. आमच्या पोरालाही परीक्षा द्यायच्यात." दार दोन बोटांवर आले.

हेरिमच्या पोटात बाळाने लाथ मारली. ती घाईघाईने म्हणाली, "आजी, थांबा! खरं सांगू? नापास झालाय तो."

दार तिथेच थांबले. "कधी?"

"गेल्याच वर्षी. आणि यंदाही काही धड नाही. बारा-बारा तास झोपतो. आंघोळीचा कंटाळा. उलट उत्तरं देतो आईला."

"अगं बाई! तब्येत?"

"सदा सर्दी. दात किडके."

"उंची तरी?"

हेरिमने स्वतःच्या खांद्यापाशी हात धरला. ग्यूबिनला तिच्या घरात शिरताना चौकटीखाली मान झुकवावी लागे.

म्हातारी आत धावली. "सेयोन! काढ आधी ते अंगातलं! इतके दिवस लेकरू त्यात निजलंय गं!" पाठोपाठ रडण्याचा आवाज आला. मग दार उघडून झबले आले, त्यामागून दुपटी, टोपरी, आणि शेवटी तिन्ही खोके.

"सगळं घेऊन जा. त्याच मुलाचं ना हे? आणि आता आमच्या पोराला घालू काय?"

उत्तर हेरिमच्या कपाटात होते. अर्ध्या तासात पिवळे कपडे तिकडे गेले. म्हातारीने एकेक चिमटीत धरून पाहिला आणि "नवं आहे, टोचेल," म्हणत घेतला.

दुपारी जाऊबाई आल्या तेव्हा कपाट त्यांच्याच खोक्यांतल्या कपड्यांनी गच्च भरले होते. ते पाहून त्यांचे डोळे भरून आले. हेरिमला मात्र मान वर करवेना. झबले पर्समध्ये घालून जाऊबाई गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा फोन.

"पेपर कसे गेले, जाऊबाई?"

"बरे गेले म्हणतोय. अगं, पण एक विचारू? काल शिवताना त्या झबल्याला दुधाचा वास आला. ताज्या दुधाचा."

हेरिमला रडू फुटले आणि रडता रडता तिने खोके, सेयोन, पिवळे कपडे, सगळे सांगून टाकले. फक्त दारात ग्यूबिनबद्दल काय काय बोलली, तेवढे सांगितले नाही.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "वेडी! ग्यूबिनच्या वेळी आमच्या नणंदबाईंनी मलाही खोके दिले होते. मी त्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकले. परत कोणी मागितले नाहीत म्हणून वाचले, इतकंच."

हेरिमने डोळे पुसले. दोन दिवसांनी पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

"पण त्या लेकराच्या अंगातलं काढून आणलंस, ते काही बरं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "उद्या एकविसावा दिवस ना त्याचा? झबलं मीच नेऊन देते, तूही चल. ग्यूबिनलाही आणते. कोणाचं झबलं आहे ते बघू दे की त्या आजींना!"

"ग्यूबिन कशाला, जाऊबाई? दमला असेल."

"छे! आंघोळ करून, नवा शर्ट घालून तयार. मीच म्हटलं, अरे, उद्या जायचंय."

हेरिमने सूहनकडे पाहिले. सूहन उठून हलकेच स्वयंपाकघरात निघून गेला होता.

"जाऊबाई," ती म्हणाली, "उद्या त्याला जरा वाकून चालायला सांगाल?"