बापूभाऊंच्या गाडीचा टप

मे महिन्यात अख्खं चंद्रपूर कूलरसमोर आडवं झालेलं असतं, तेव्हा बापूभाऊ बिनटपाच्या गाडीतून हवा खायला निघत. डोक्याला ओला दुपट्टा, डोळ्यांवर बॉयलरवर काम करताना लावायचा चष्मा आणि चटका बसू नये म्हणून बुडाखाली भिजवलेलं गोणपाट.

"भाऊ, टप लावून घ्या ना," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "छप्पर घराले असते. गाडीले टप लावला की डबा होते, डबा!"

गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. जुनी विलायती स्पोर्ट्स कार. खाणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यामागे तिच्यात कोंबड्या अंडी घालत. बापूभाऊ तेव्हा वीज केंद्रात बॉयलर ऑपरेटर होते. त्यांनी ती कोंबड्यांसकट मागितली. साहेबाने कोंबड्या दिल्या नाहीत, याची हळहळ अजून आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ऊर्जानगर या केंद्राच्या वसाहतीबाहेर, आमच्या शेजारी घर बांधलं, तेव्हाही गाडीचं पोर्च आधी झालं आणि देवघर मागाहून.

पूर्वी रोज संध्याकाळी त्यांच्या पत्नी शांताकाकू त्यांच्या शेजारी बसून फिरायला जात. हल्ली भाऊ एकटेच जाताना दिसायचे. वय झालं, काकूंना दगदग सोसत नसेल, असं मी धरून चालले होते.

या हिवाळ्यात भाऊंनी कुंपणावरून जाहीर केलं, "मॅडम, टप मागवला. बाहेरदेशातून."

मी चाटच पडले. "आता काऊन हो भाऊ?"

"काऊन म्हणजे? वरून राख पडून राह्यली ना!"

वीज केंद्राची राख काय, आमच्याकडे कायमच पडते. पण भाऊंशी वाद कोण घालणार?

रेक्झिनचा, घडीचा टप आला. मागची टिचबटणं लागली, पण पुढे काचेच्या चौकटीपर्यंत तो चांगला वीतभर कमी पडला. मी ओढला, माझ्या नवऱ्याने ओढला.

"थांबा! फाटन!" भाऊ किंचाळले. "थंडीत आकसते हे. उन्हाळ्यात पाहू."

मग टप काकूंच्या कपाटात, शालूवर जाऊन बसला. फेब्रुवारीपासून भाऊ त्याला रोज बोटाने दाबून बघायचे आणि आंब्याबद्दल सांगावं तसं सांगायचे, "अजून नाई पिकला."

मे महिन्यात एका दुपारी हाक आली. टप उन्हात तापून मऊ पडला होता. हाताला फडकी गुंडाळून आम्ही दोघं दोन बाजूंनी ओढू लागलो. मध्ये भाऊ, पोळलेल्या मांजरासारखे नाचत. "हळू... हळू... आन् थोडासा, मॅडम!" चौकट गाठली. सोल्युशन लावलं, पट्टी ठोकली, रिव्हेट बसले. वर एक सुरकुती नाही.

आता भाऊ "डबा झाला" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते तडक घरात गेले आणि काकूंना हाताला धरून घेऊन आले. काकूंनी जरीकाठी लुगडं नेसलं होतं आणि कानात ऐकायचं मशीन होतं.

"उघड्या गाडीत वाऱ्यानं मशीनमंधी नुसतं घोंघों होते वो," काकू मला मोठ्याने सांगू लागल्या. "हे बोलत राहेत, मले काई समजे नाई. यायनंच मग म्हटलं, राहू दे, तुले तरास होते. तवापासून गेलीच नाई."

राखेचा विषय काढावा असं मला वाटलं. पण भाऊ खाली मान घालून स्वच्छ असलेला आरसा पुसत होते.

दोघं आत बसले. भरदुपारी, त्या भट्टीत, भाऊंनी दोन्ही काचा वर केल्या आणि काहीतरी बोलले. काकू खुदकन हसल्या. भाऊ पुन्हा बोलले, मग बोलतच सुटले. गाडी सुरू करायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. काकूंनी त्या पदराने टिपल्या आणि मान हलवून खूण केली, बोला.