पहिला सूर अण्णारावांचा

उद्घाटनाची पत्रिका वाचता वाचता अण्णारावांचा चहा धोतरावर सांडला. ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पहिला सूर : पट्टीचे पोहणारे श्री. अण्णाराव.'

उदगीरच्या त्यांच्या गल्लीतला निजामाच्या काळचा पोहण्याचा हौद पंचवीस वर्षं कोरडा पडला होता. दुरुस्तीसाठी अर्ज खरडले अण्णारावांनीच. तरुणपणी आपण वरच्या कठड्यावरून सूर मारून तळाची माती काढायचो, असं ते ज्याला त्याला सांगत. खरं तर गुडघ्याच्या वर पाण्यात ते कधी गेलेच नव्हते. हौद कोरडा होता तोवर थाप खपून गेली. आता नवी निळी फरशी बसली, हौद काठोकाठ भरला आणि बिचाऱ्यांची इज्जत त्यात बुडायची वेळ आली.

ते तडक हौद समितीचे अध्यक्ष महादेवप्पांकडे गेले.

"अप्पा, काठाची फरशी लई गुळगुळीत हाय. माणूस घसरंल."

"खरंय की! आठ दिवस पुढं ढकलू."

महादेवप्पांनी फरशी घासून घेतली. नजर लागू नये म्हणून हौद ताडपत्रीनं झाकला आणि उद्घाटनाआधी कुणी आत डोकवायचं नाही, असं फर्मान काढलं. मग अण्णारावांना कठडा हलताना दिसला. पुढं अमावास्या आडवी आली. महादेवप्पांनी प्रत्येक वेळी आनंदानं तारीख बदलली. शेवटी गल्लीच ओरडायला लागली, तेव्हा सोमवार पक्का झाला.

सोमवारी हलगी कडाडली. अण्णाराव कठड्यावर चढले, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. ताडपत्री ओढली गेली. हलगी मधेच थांबली. त्यांनी एक डोळा उघडला, तर तळाशी घोटाभर पाणी.

"पाणी कुठं गेलं?" महादेवप्पा ओरडले. "अण्णा, उतरा खाली!"

"न्हाई! मी मारणारच सूर! सोडा मला!" अण्णारावांच्या अंगात एकाएकी वाघ संचारला. चौघांनी धरून त्यांना खाली आणलं आणि शाल पांघरली.

घरी आल्यावरही त्यांचा आवाज चढलेलाच होता. "कुणी पळवलं पाणी? माझा सूर हुकला!"

"मीच," त्यांच्या पत्नी गौरम्मा कंबर धरून बसत म्हणाल्या. "नळ आठ दिवसाला येतो. धुण्याला न्या म्हणलं बायांना. मागून ताडपत्री उचलून घागरी, डबे, ड्रम, सगळं भरलं."

"का पर?"

"चाळीस वर्सं बघत आलेय. डोक्यावर तांब्या घेताना डोळे गच्च मिटून शिव शिव म्हणता तुम्ही."

अण्णारावांचा आवाज एकदम खाली आला. "गल्लीत कळलं का?"

"न्हाई. एकट्या उमाबाईला सांगितलं."

"महादेवप्पाच्या बायकोला? मेलो!"

"कशाला मरता? तिनं माझ्यापेक्षा जास्ती घागरी वाहिल्या. तुमच्यामागून दुसरा सूर अध्यक्षाचा होता म्हणं."

 अण्णारावांनी शाल काढून ठेवली आणि ते गौरम्माच्या कंबरेसाठी तेल गरम करायला उठले.