ज्यांना पांढरा ब्रेड आवडतो त्यांनी हात वर करा

राजारामपुरीतल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी सर्व सभासद पार्किंगमध्ये एकत्र बसून मिसळ खातात. कोपऱ्यावरच्या जोतीरामच्या हॉटेलातून कटाचं, म्हणजे तिखट रश्श्याचं, पातेलं येतं, फरसाण येतं आणि सोबत ब्रेड येतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाईसच लागतात. ज्या गावांत ती गोल पावाबरोबर खातात त्यांच्याबद्दल आमच्या मनात राग नाही, फक्त दया आहे. आमचा ब्रेड पांढरा असायचा. तो पांढरा आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं, कारण दुसऱ्या रंगाचा ब्रेड फक्त आजारी माणसं खातात अशी आमची समजूत होती.

ही शांतता सर्वसाधारण सभेत भंगली. पाण्याच्या टाकीचा विषय नेहमीप्रमाणे पुढच्या सभेवर ढकलून झाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्रिशलावहिनी उभ्या राहिल्या. वहिनी आहाराचे वर्ग चालवतात. त्या म्हणाल्या, "मैदा म्हणजे पोटात ओतलेली खळ. मिसळीबरोबर यापुढं गव्हाचाच ब्रेड यावा, असं मी सुचवते. आणि मला सांगा, घरी पांढरा ब्रेड कोण कोण खातं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सोसायटीचा अध्यक्ष. आमच्या फ्रीजमध्ये गव्हाच्या ब्रेडचा पुडा पुढच्या बाजूला असतो, पावण्यांना दिसेल असा. तारीख उलटली की आम्ही तो बदलतो. पांढरा मागे, कोथिंबिरीच्या पिशवीत असतो. मी घसा खाकरून म्हणालो, "आमच्या घरी तर गव्हाचाच असतो." माझी बायको संयोगिता शेजारी बसली होती, तिनं पदर सावरला आणि मान डोलावली. झालं. मग सगळ्यांच्याच घरी गव्हाचा निघाला. एकानं तर पांढरा ब्रेड शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही म्हणून सांगितलं. त्याच्या मिशीत सकाळचा चुरा होता, पण सभेत तसलं काही काढायचं नसतं.

फक्त त्रिशलावहिनींचे सासरे आप्पासो मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "मला पांढरा आवडतोय. मऊ असतोय."

सगळ्यांनी मागं वळून असं बघितलं, की जणू म्हातारबांनी चोरी कबूल केली. वहिनींनी "बाबा, गप्प बसा की जरा" म्हणून विषय मिटवला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात आप्पासोंना धरलं नव्हतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या गुणवत्ता विभागात आहे. त्यामुळे 'ब्रेड गुणवत्ता समिती'चं अध्यक्षपदही माझ्याकडे आलं. वास्तविक जोतीरामला "रविवारपासून तपकिरी ब्रेड पाठव" एवढं सांगून भागलं असतं. पण ज्या माणसानं उभी हयात ओतलेल्या लोखंडाची कास्टिंग तपासण्यात घालवली त्याच्या हातात ब्रेड द्यावा आणि त्यानं तो नुसता खावा, ही अपेक्षा चुकीची आहे. मी मानक तयार केलं. रंगाच्या दुकानातून शेडकार्ड आणलं आणि त्यातल्या कोणत्या शेडपासून कोणत्या शेडपर्यंत ब्रेड तपकिरी समजावा हे निश्चित केलं.

पहिल्या रविवारी आलेला ब्रेड शेडमध्ये अचूक बसला. पण पुड्यामागचा मजकूर वाचला तर पहिलाच घटक मैदा, गव्हाचं पीठ त्याच्या खाली आणि सगळ्यांत शेवटी रंग. मी सगळा माल रिजेक्ट केला आणि कंपनीतून आणलेली लाल चिठ्ठी त्यावर चिकटवली. त्या दिवशी आम्ही कट नुसता प्यायलो.

जोतीराम स्वतः आला. "साहेब, तपकिरी मागितलासा, तपकिरी दिला. आता आनि काय काढलंय?"

"तपकिरी असून भागत नाही," मी म्हणालो. "तो आतूनही तपकिरी पाहिजे."

"ब्रेडला आतनं काय अन् भायरनं काय?" एवढं बोलून तो गेला. पण माणूस गिऱ्हाईक तोडणारा नव्हे. पुढच्या रविवारी त्यानं एका बेकरीतून निव्वळ गव्हाचा, कोंड्यासकट ब्रेड करवून आणला. मी सर्व कसोट्या लावल्या. ब्रेड सगळ्या कसोट्यांना उतरला. तो खायला कसा लागतो ही कसोटी मानकात नव्हती.

कटात बुडवला की तो एकतर भिजायचाच नाही, नाहीतर भिजून तळाला बसायचा. मग कोंडा वर तरंगायचा. सभासद मान खाली घालून चावत होते आणि मधूनमधून "पोट कसं हलकं वाटतंय" म्हणत होते. मीही म्हणालो. खरं सांगायचं तर आठवडाभर फौंड्रीच्या धुरात मी ज्या तासाची वाट बघायचो, तो तास मीच मानक लावून बाद केला होता.

आप्पासोंचं दुखणं वेगळं होतं. त्यांना कवळी आहे. कोंड्याचा कण कवळीखाली गेला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोन घासांत ते थांबले आणि ताटली घेऊन माझ्याकडे आले.

"उदयसिंहराव, कवळीखाली लई रुततंय बघा. मला एकट्याला पांढरा मागवा की. दोन स्लाईस बास."

"आप्पासो, ठराव झालाय."

"जैन धर्मानं कांदा सोडाय लावला, सोडला. माझी मिसळ बिनकांद्याचीच येती. डॉक्टरनं साखर सोडाय लावली, सोडली. आता सोसायटीसाठनं ब्रेडबी सोडू व्हय?"

आमच्या फौंड्रीत एखादं कास्टिंग मापात बसत नसलं आणि गाडी भरायची घाई असली, की अपवाद म्हणून एक सही करून ते चालवून घेतात. त्याला डेव्हिएशन म्हणतात. माझी निम्मी नोकरी त्या सह्या करण्यात गेली आहे. भेगा पडलेलं लोखंड मी डोळे झाकून सोडलंय. पण समोर ऐंशीच्या घरातला माणूस मऊ ब्रेडच्या दोन स्लाईस मागत उभा होता आणि मी म्हणालो, "एकाला अपवाद केला की पायंडा पडतो."

वहिनी लांबून म्हणाल्या, "बाबा, सवय होईल."

पुढच्या रविवारी आप्पासो खाली आले नाहीत. त्यांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ऊस पहिला कुणी लावला, राधानगरी धरणाचे दरवाजे कधी उघडले, हे दर रविवारी तेच सांगायचे; आता सांगायला कुणी नव्हतं. वहिनी म्हणाल्या, बाबा फिरायला गेलेत. मला वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं. ते मी इतिवृत्तात नोंदवलं नाही, कारण तसा रकाना नाही.

मग एका रविवारी माझा धीर सुटला. पार्किंगमधला गव्हाचा कार्यक्रम उरकून मी संयोगिताला म्हणालो, "जोतीरामकडं जाऊन येतो. पुरवठादाराची तपासणी करायची आहे." ती म्हणाली, "मी अंबाबाईला जाऊन येते," आणि माझ्याआधी बाहेर पडली. 

जोतीरामच्या हॉटेलात पुढच्याच बाकावर आप्पासो बसले होते. समोर बिनकांद्याची मिसळ, पांढऱ्या स्लाईस, चेहऱ्यावर समाधान. लपणं नाही, छपणं नाही. मला बघून म्हणाले, "या. आत बसतासा का? समदी आतच बसत्यात."

मी आतल्या खोलीचा पडदा सारला. सोसायटी आत होती. ज्याला पांढरा ब्रेड कसा दिसतो ते आठवत नव्हतं, तो चौथी स्लाईस मोडत होता. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून त्रिशलावहिनी होत्या. मला बघताच म्हणाल्या, "वर्गासाठी तुलनात्मक अभ्यास चाललाय." आणि त्यांच्या समोर, हातात कटात भिजलेली स्लाईस धरून, संयोगिता.

"तू अंबाबाईला गेलतीस ना?"

"निघालेच होते," ती म्हणाली. "वाटेत तुमची तपासणी नीट होती का ते बघाय थांबले."

मी बसलो. जोतीरामनं काही न विचारता पांढऱ्या स्लाईस ठेवल्या आणि मी खाल्ल्या. देवाशपथ, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं.

मागून आप्पासो ताटली घेऊन आत आले. "सगळी हायतच, तर घ्या की मीटिंग हितंच. पांढरा पुन्हा चालू करायचा का, विचारा. मला खाली पार्किंगमधी येऊन बसाय बरं वाटतंय. हितं भायर एकटाच बसतोय मी."

गणपूर्ती झाली होती. नियमात बसत होतं. मी उभा राहिलो आणि ठराव मांडला, "ज्यांना पांढरा ब्रेड आवडतो त्यांनी हात वर करा."

आप्पासोंनी हात वर केला. बाकीच्यांचे हात ताटलीत होते. वहिनींनी स्लाईस टेबलाखाली धरली. मी संयोगिताकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या उजव्या हातात पांढरी स्लाईस होती आणि तिच्यातून कट गळत होता. हात वर केला असता तर सगळ्यांना ती दिसली असती. म्हणजे दिसत होतीच, पण नोंद झाली असती.

"ठराव नामंजूर," मी म्हणालो.

आप्पासोंनी हात खाली घेतला. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "असूंदे," म्हणाले, "खावा. गार होईल."

तेव्हापासून रविवारी आधी पार्किंगमध्ये गव्हाचा कार्यक्रम होतो, त्याचे फोटो ग्रुपवर जातात आणि मग सगळे आपापल्या कामाला जोतीरामकडे जातात. आप्पासो बाहेरच्या बाकावर एकटेच खातात. आम्ही पडद्याआड.

हे वाचून तुम्ही हसला असाल आणि मनात म्हणालाही असाल, काय माणसं ही, आमच्या घरी मात्र खरोखरच गव्हाचाच असतो. नेमकं हेच वाक्य मी त्या सभेत म्हणालो होतो. तेव्हा कोल्हापूरला आलात की जोतीरामकडे या. पडद्याआड आता दाटी होते, पण तुम्हाला सरकून जागा देऊ. बाहेर आप्पासोंच्या बाकावर भरपूर जागा आहे, पण तिथं तुम्हीही बसणार नाही.