आधी जेवलात का विचारा

आमच्या तात्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाने, मग तो तालुक्याचा साहेब का असेना, पहिल्यांदा भिंगाकडे बघून ‘जेवलात का?’ असं विचारायचं, हा नियम. एकदा उसावर बोलायला आलेल्या कृषी अधिकाऱ्यांनी थेट हुमणीच्या किडीला हात घातला, तर तात्यांनी कॅमेराच बंद केला. “सायब, लोकांच्या घरात शिरताय. दारातनंच हुमणी काय काढताय? आधी जेवलात का इचारा.” साहेबांनी मुकाट्याने विचारलं. मग हुमणी.

तात्या माझे शेजारी. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन कळसच्या अलीकडे, आमच्या गावी आले आणि केबलवर गावाचं चॅनेल सुरू केलं. खर्च ग्रामपंचायतीचा, मेहनत तात्यांची. रोज संध्याकाळी “रामराम, जयभीम, सलाम” एका दमात म्हणून ते सुरू होत. बातम्या म्हणजे नळाला पाणी कधी, म्हैस कोणाची चुकली, भिगवणला मासळी काय भावाने गेली.

मी पंचायतीचा सदस्य, म्हणून मला ते जरा मान देत. म्हणजे मुलाखतीला गेलो की शर्ट बदलायला घरी पाठवत. “रेघारेघांचा नको सतीशराव, टीव्हीत मुंग्या येत्यात.”

यंदा ग्रामसभेत चॅनेलच्या अनुदानाचा विषय निघाला. सगळ्यांच्या हातात मोबाइल असताना हे थेर कशाला, असं हणमंतरावांचं म्हणणं. हणमंतराव बडे बागायतदार, बोलायला लागले की माइक लागत नाही. अनुदान थांबलं तर चॅनेल बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनी चार शब्द बोलावेत म्हणून मी खुणावत होतो; पण ते सभेचं चित्रीकरण करत होते आणि कॅमेरामनने बोलायचं नसतं म्हणे. उलट हणमंतराव उठताच त्यांनी बोटं तोंडाशी नेऊन घासाची खूण केली. सवय वाईट! हणमंतराव गरजण्याआधी भिंगाकडे बघून म्हणाले, “जेवलात का?” अख्खी सभा “व्हय” म्हणाली, आणि हणमंतरावांना पुढचं आठवेना.

मग मी उठलो, जेवणाचं विचारलं आणि चॅनेलच्या बाजूने बोललो. शेवटी सरपंच मायाताईंनी तोडगा काढला. अनुदान द्यायचं, पण ते जेवणाचं विचारणं बंद करायचं. वेळ जातो, शिवाय बाहेरगावचे पाहुणे हसतात. भराभर हात वर झाले. मला वाटलं, आता तात्या पेढे वाटणार.

तात्यांनी कॅमेरा बंद केला. “मग ऱ्हाऊ द्या चॅनेल,” एवढंच म्हणाले आणि कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून चालू लागले.

मला भयंकर राग आला. हातातोंडाशी आलेला घास असा कोणी घालवतं का? संध्याकाळी त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच मी निघालो.

दार उघडंच होतं. काकू वारल्यापासून आणि लेक बारामतीला नांदायला गेल्यापासून घरात तात्या एकटेच. टीव्हीसमोर पाट मांडून बसले होते. ताटात भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. टीव्हीवर दुपारच्या सभेचं चित्रीकरण लागलं होतं. हणमंतराव उठले आणि म्हणाले, “जेवलात का?”

“बसलोच हाय, हणमंतराव,” तात्या म्हणाले आणि घास मोडला.

मी उंबऱ्यातच थांबलो. काय बोलायला आलो होतो ते विसरलो. गावातलं एकेक माणूस रोज जेवणाच्या वेळी या घरी येऊन जात होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पडद्यावर आता मी होतो. “जेवलात का?”

“जेवतोय की. तुमचं झालं का, सतीशराव?”

“न्हाय अजून,” मी दारातून म्हणालो.

तात्या दचकले, मग ओशाळले. टीव्हीचा आवाज बारीक करून अटीबद्दल काहीतरी पुटपुटू लागले. मायाताईंना काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. मी म्हटलं, अटीचं मी बघतो, आधी जेवू.

त्यांनी दुसरं ताट घेतलं, भाकरी वाढली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“शर्ट रेघांचाच घातलाय,” म्हणाले. “बसा. हितं चालतंय.”