डाव्या पायाचा करार

सुहास इंगवलेच्या उजव्या पायानं आमच्या तालमीशी पाच वर्षांचा करार केला, पण डाव्या पायानं अंगठा द्यायला नकार दिला.

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला होता. सुहास आमच्या नागोबा तालमीच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. खेळाडूच्या दोन्ही पायांशी वेगवेगळा करार करायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. दोघं सहसा एकाच बैठकीत, एकाच शाईच्या डबीत अंगठा बुडवतात, पेढे वाटले जातात आणि विषय मिटतो. मी तालमीचा चिटणीस. उजव्याचा अंगठा फडक्यानं पुसून मी डाव्यापुढं कागद सरकवला, तेव्हा त्यानं पाचही बोटं आत मुडपून घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाच वर्सं म्हंजे लांबचा मामला," डावा पाय म्हणाला. त्याचा आवाज घोगरा आहे, मोजा घातल्यासारखा. "मान बघून अंगठा द्यावा लागतोय."

"मानधन वाढवून पाहिजे?"

"मानधन न्हाई. मान. मैदानात शिरताना पयलं पाऊल माझं पडायला पाहिजे."

मी सुहासकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "मी यात पडत न्हाई," तो म्हणाला. "दोघंबी माझंच हायत."

मागणी साधी दिसते, पण आमच्या तालमीत डावं पाऊल टाकून आजवर कुणी मैदानात गेलेला नाही. आमचे अध्यक्ष बळवंतआण्णा सरनाईक प्रत्येक सामन्याला फाटकाशी उभे राहतात आणि खेळाडूंच्या तोंडांकडं न बघता पायांकडं बघतात. मी त्यांना निरोप दिला तेव्हा ते जेवत होते. घास तसाच ताटात ठेवून ते म्हणाले, "नवी सून घरात येती ती उजव्या पायानं. वास्तुशांतीला आत जातो ते उजव्या पायानं. आणि फायनलला डावा? असला करार झाला तर अध्यक्ष दुसरा बघा."

बोलणी तिथंच अडकली.

दुसऱ्या दिवशी हा विषय तालमीसमोरच्या चहाच्या गाड्यावर गेला आणि तिथंच राहिला. प्रमिलाताई चौगुले बँकेतून निवृत्त झाल्यापासून एकही सामना चुकवत नाहीत. त्या डाव्याच्या बाजूच्या. "गेल्या हंगामात गोल कुणी मारले?" त्या विचारायच्या. "डाव्यानं. उजवा नुसता उभा राहायला होता."

"उभं राहायला कोण तरी लागतंयच की, ताई," मुनीरभाई शिकलगार म्हणायचे. त्यांचं बुटांचं दुकान आहे आणि अख्खी तालीम त्यांच्याकडूनच बूट घेते. "डावा लाथ मारतोय तवा सगळं अंग कुणाच्या जिवावर असतंय? त्याचं नाव पेपरात आलंय कधी?"

"मग उजव्यानं तसं बोलावं."

"ते शानं हाय. बोलत न्हाई."

यावर दोन्ही बाजूंनी एवढा आवाज व्हायचा की गाडेवाला स्टोव्ह बारीक करून ऐकत बसायचा. काहींचं म्हणणं, डाव्याला सोडून द्यावं आणि एका पायावर हंगाम काढावा. काहींचं म्हणणं, वर्षाचाच करार करावा, मोठ्या मुदतीनं पाय शेफारतात.

अशातच बातमी आली की समोरच्या बुरूज पेठ संघानं डाव्या पायाची अट मान्य केली आहे.

त्या संध्याकाळी गाड्यावर कुणी चहा घेतला नाही. नियमाप्रमाणे दोन पाय दोन संघांकडं जाऊ शकतात. ते संघ एकमेकांसमोर आले तर खेळाडूनं दोन रंगांचे मोजे घालून दोन्हीकडून खेळायचं असतं. पूर्वी एका फुलबॅकचं असं झालं होतं. तो सामनाभर मध्यरेषेवर उभा राहिला, त्यानं दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि पुढं कॅरम धरला.

सुहासची अवस्था तर बघवत नव्हती. डावा पाय आता घरातसुद्धा उजव्याच्या मागून उंबरा ओलांडायला तयार नव्हता. उजवा आत जायचा, डावा बाहेर थांबायचा आणि सुहास दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा. मग त्याची आई, शालनकाकू, त्याला काखेत धरून आत ओढून घ्यायच्या. एकदा मी गेलो तेव्हा तो तसाच उंबऱ्यावर बसला होता, एक पाय आत, एक बाहेर.

"चिटणीस," तो हळू आवाजात म्हणाला, "उजव्यानं पुढं काढलेला बॉल डाव्यानं बुरूज पेठेला दिला, तर मी चिडायचं कुणावर?"

मी त्याच्याशेजारी बसलो.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सुहासच्या घरी जमलो. आण्णा, प्रमिलाताई, मुनीरभाई आणि मी. बाहेर बुरूज पेठेचा चिटणीस स्कूटरवर शाईची डबी घेऊन बसला होता. सुहास खुर्चीत, दोन्ही पाय पुढं पाटावर.

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे बघ बाळा," ते डाव्या पायाला म्हणाले, "मानाला मी नाही म्हणत नाही. पण मानाची एक रीत असते. घरात पहिला मान थोरल्याचा. उजवा थोरला. तू धाकटा. धाकट्यानं मागं राहण्यात कमीपणा नाही."

"उजवा थोरला कसा?"

हे डावा पाय बोलला नव्हता. चहाचा ट्रे घेऊन शालनकाकू आतल्या दारात उभ्या होत्या.

"उजवा थोरला असतोयच की, वहिनी."

"असंल दुसऱ्यांचा. आमचा सुहास पायाळू हाय." काकूंनी ट्रे खाली ठेवला. "पायाकडनं जन्मलाय. आदी आला डावा पाय. एकटाच. सुईण त्याला धरून बसली हुती आणि मी देवाचा धावा करत हुते. उजवा आला लई उशिरा."

"काकू," मी म्हणालो, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोण इच्यारलं? तुमी पायांशी बोलत हुता."

आण्णांनी मांडीवरची टोपी बाजूला ठेवली आणि सुहासला विचारलं, "तू लहान असताना माझ्या पाठीत उसण भरली होती. वहिनींनी तुला माझ्या पाठीवर लाथ मारायला लावली होती. आठवतंय?"

"आठवतंय, आण्णा."

"कुठल्या पायानं मारलीस?"

"माझ्या," डावा पाय म्हणाला.

आण्णांनी मान डोलावली. "उसण उतरली होती," ते म्हणाले. "पुन्हा कधी भरली नाही."

आता सगळ्यांचं लक्ष उजव्या पायाकडं गेलं. त्यानं करार केला होता, त्याचा अंगठा अजून निळसर होता, आणि या सगळ्या दिवसांत तो एक शब्द बोलला नव्हता. तो पाटावर थोडा सरकला. डाव्याच्या जवळ आला.

"दादा," तो म्हणाला, "मला म्हाईत नव्हतं."

"असू दे," डावा म्हणाला. "मला तरी कुठं म्हाईत हुतं? मला आपलं आतनं वाटायचं."

मी डबी उघडली. डाव्यानं बोटं सोडली, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर इतक्या जोरात टेकवला की खालच्या पाटावरही ठसा उमटला. प्रमिलाताईंनी डोळे पुसले. मुनीरभाई म्हणाले, नव्या बुटांचा जोड दुकानाकडून. सुहासनं खुर्चीत मागं डोकं टेकलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की कोपऱ्यातलं कॅलेंडर हललं. मग तो उठला आणि उगीचच घरात आत बाहेर, आत बाहेर करत राहिला.

बाहेरच्या चिटणिसाला काकूंनी आत बोलावून चहा दिला. सगळं ऐकल्यावर त्यानंही कॉलर सैल केली. "बरं झालं, सायब," तो मला म्हणाला. "ह्या अर्ध्या माणसाला खेळवायचा कुठं, ह्या काळजीनं आमच्याकडं कुणाला झोप नव्हती."

फायनल बुरूज पेठेशीच झाली. आण्णा फाटकाशी उभे होते. सुहास आला, थांबला, आणि त्यानं डावं पाऊल आत टाकलं. आण्णांनी डोळे घट्ट मिटले होते. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आभाळ जागच्या जागी होतं. गोलपोस्टही होते.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. डाव्यानं दोनदा बारला मारला. उजव्यानंही एकदा प्रयत्न केला, पण त्याला सवय नव्हती. शिट्टी तोंडावर आली असताना कॉर्नरचा बॉल उंच आला, सुहासचे दोन्ही पाय एकदम जमीन सोडून वर गेले आणि गोल झाला डोक्यानं.

डोक्याशी आमचा कुठलाच करार नव्हता. मिरवणुकीत गुलाल उडत असताना मी गर्दीतून सुहासजवळ पोचलो आणि जरा धाकधुकीनंच विचारलं, डोक्याचं काही म्हणणं आहे का.

सुहासनं क्षणभर कानोसा घेतला.

"काय न्हाई म्हणतंय," तो म्हणाला. "त्याला खेळायचं हुतं."