कुत्र्याच्या प्रेमाला वाहिनीची हरकत नाही

डंकेल कुटुंबाच्या कुत्र्याने प्रेमात पडावे किंवा कसे, या विषयावरची पहिली बैठक मंगळवारी सकाळी हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधल्या आमच्या स्टुडिओत, लेखकांच्या खोलीत झाली. डंकेल कुटुंब हे कार्टून आहे. बाप आळशी, आई हुशार, मुले आगाऊ, आणि वॅफल नावाचा एक कुत्रा. रविवारी संध्याकाळी हे कुटुंब अर्ध्या अमेरिकेला हसवते. वॅफल इतक्या वर्षांत एक शब्द बोललेला नाही, एका दिवसानेही म्हातारा झालेला नाही, आणि त्याच्या वाट्याला एकही प्रेमप्रकरण आलेले नव्हते.

ही उणीव लोर्ना गेन्सच्या लक्षात आली. लोर्ना ही आमच्यातली सर्वांत जुनी लेखिका. रविवारी ती अल्टाडेनाच्या एका लहानशा चर्चमध्ये गायकवृंदात गाते आणि सोमवारी येऊन बापाच्या ढेरीवर विनोद लिहिते. तिच्या मते या दोन्ही कामांत फारसा फरक नाही, लोकांची मने हलकी झाली की झाले.

"वॅफल दर रविवारी सकाळी घरातून नाहीसा होतो," लोर्ना सांगू लागली. "घरच्यांना वाटतं, कचऱ्याचे डबे हुंगायला जातो. पण तो जातो चर्चच्या मागच्या खिडकीखाली. आत शेवटच्या रांगेत एक म्हातारी बसते, सिस्टर ब्यूला, चर्चमधे बायकांना सिस्टरच म्हणतात. पाद्रीबाबांची एक ओळ झाली की ती फक्त 'आमेन' म्हणते. पण अशी म्हणते की वॅफलचे कान ढिले पडतात. तो तिच्या प्रेमात आहे, आणि हे कोणालाच माहीत नाही. बस, एवढंच."

कोणी हसले नाही. आमच्या धंद्यात हसत नाहीत. विनोद आवडला तर मयताला आल्यासारखा चेहरा करून "विनोदी आहे" असे म्हणायचे, ही रीत. आमचा प्रमुख हर्शेल ब्लम याने हातातला डोनट खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "विनोदी आहे."  

"आमेनला आवाज कोणाचा घ्यायचा?" त्याने विचारले.

"ओडेसा व्हिटफील्डचा. ती आमच्या शेवटच्या रांगेत असते. आयुष्यभर दुसऱ्याच्या ओळीला आमेन म्हणत आली, स्वतःची ओळ तिला कधी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात तिच्या घशाचं ऑपरेशन आहे, हर्शेल. नंतर बोलता येईल म्हणतात. गाण्याबद्दल कोणी काही सांगत नाही."

"मग या आठवड्यातच ध्वनिमुद्रण करू," हर्शेल म्हणाला.

ओडेसाबाई रविवारची टोपी घालून गुरुवारी आल्या. "कुत्रा माझ्यावर भाळलाय म्हणे," त्या माइकसमोर बसता बसता म्हणाल्या. "चला, कोणीतरी भाळलं. माझा नवरा देवाघरी गेला बिचारा, पण मी गायला लागले की तो झोपायचा."

"तो प्रवचनातही झोपायचा, सिस्टर," लोर्ना म्हणाली.

"प्रवचनात सगळेच झोपतात पोरी. म्हणून तर आमेन मोठ्याने म्हणायचं असतं."

पाद्रीबाबांना सोबत आणले होते. त्यांनी साध्या आवाजात बोलायला सुरुवात केली, शेजाऱ्याला पाणी कुठून येते ते सांगावे तशी. मग बोलणे जरा लांबले, झुलू लागले, शब्दांना चाल फुटली, आणि आता हे प्रवचन आहे की गाणे हे विचारायचे भान कोणाला राहिले नाही. प्रत्येक ओळ संपली की मागून ओडेसाबाईंचा आमेन यायचा. पहिला कोवळा, उंबऱ्यावर थांबून आत येऊ का विचारणारा. पुढचा त्याहून खोल. शेवटचा तर त्यांनी इतका खाली नेला आणि तिथे इतका वेळ धरून ठेवला, की सगळ्या दमलेल्यांना त्यात बसायला जागा झाली. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक यंत्र बंद करायचे विसरला. "विनोदी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"आता चर्चमधे सगळ्यांना सांगून ठेवते," ओडेसाबाई टोपी सारखी करत म्हणाल्या. "भाग लागेल त्या दिवशी हॉलमधे जेवण ठेवू. मी टीव्हीवर आमेन म्हणणार आणि तुम्ही सगळ्यांनी तो चिकन खाता खाता ऐकायचा."

लोर्नाने त्यांना शब्द दिला. शब्द देण्याचा अधिकार तिला नव्हता, तो वाहिनीला होता. वाहिनीतर्फे आमच्याशी केंडल प्रॅट नावाचा तरुण बोलत असे. आमच्या गावात 'नाही' असे कोणी म्हणत नाही. एखादी गोष्ट नको असेल तर "आवडली" म्हणतात. अगदीच नको असेल तर "फार आवडली".

"संहिता वाचून आम्ही सगळे रडलो," केंडल फोनवर म्हणाला.

हर्शेलचा चेहरा पांढरा पडला. इतके वाईट आजवर कधी झाले नव्हते.

"फक्त एक बारीकशी शंका आहे," केंडल पुढे म्हणाला. "वॅफल बाईंना न सांगता त्यांच्या खिडकीखाली बसतो. दर आठवड्याला. हे चोरून पाळत ठेवणं होतं."

"तो कुत्रा आहे," हर्शेल म्हणाला.

"हो, आणि आम्हाला तो फार आवडतो. पण त्याच्या प्रेमाची बाईंना आधी कल्पना हवी. घरच्यांना हवी. शेजाऱ्यांनाही असेल तर उत्तम."

"मग ते गुप्त प्रेम कसलं?"

"गुप्तच. सगळ्यांच्या संमतीने गुप्त."

ही दुरुस्ती करून संहिता परत गेली. आता वॅफल सगळ्या गल्लीसमोर भुंकून आपले गुपित जाहीर करत होता आणि मग सावकाश खिडकीखाली जात होता. वाहिनीला ते आधीपेक्षाही आवडले. म्हणून दुसरी शंका निघाली. चर्च एकाच धर्माचे आहे. एकतर साऱ्या धर्मांच्या खिडक्यांखाली कुत्रा समान वेळ बसवा, नाहीतर चर्च काढून टाका. हर्शेलने चर्चची सामुदायिक इमारत केली. सामुदायिक इमारतीत लोक आमेन कशाला म्हणतील, म्हणून तिथे पार्किंगविषयी सभा बसवली आणि सिस्टर ब्यूला आता प्रत्येक ठरावाला "अनुमोदन" म्हणू लागल्या. त्या अनुमोदनाने वॅफलचे कान ढिले पडत होते.

"आणखी एक. बाई माणूस आहेत आणि वॅफल कुत्रा," केंडल म्हणाला. "हे आमच्या आता लक्षात आलं."

इथे हर्शेलचा धीर सुटला. "लोर्नाने मुळात लिहिलंय ते लोकांना दाखवू," तो म्हणाला. "कच्च्या चित्रांवर, ओडेसाच्या आवाजासकट. लोकांना आवडलं तर राहील, नाही आवडलं तर मी तोंड उघडणार नाही."

"मस्त कल्पना," केंडल म्हणाला. "शेवटी आपण लोकांसाठीच आहोत." आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला. तोच त्याचा दोष.

चाचणीची पद्धत अशी. मॉलमध्ये खरेदीला आलेल्या लोकांना बोलावून अंधाऱ्या खोलीत बसवायचे आणि प्रत्येकाच्या हाती एक गोल बटण द्यायचे. आवडले तर बटण उजवीकडे फिरवायचे, नाही आवडले तर डावीकडे. काहीच हालचाल झाली नाही तर प्रेक्षकाला रस नाही, असे यंत्र धरून चालते. आपण या बाजूला काचेआड बसून, पडद्यावर त्या बटणांप्रमाणे वरखाली होणारी रेघ बघायची. लोकांना आपण दिसत नाही. आपल्याला लोक दिसतात, पण लोकांकडे बघायची प्रथा नाही.

भाग सुरू झाला. पहिल्याच दृश्यात वॅफल स्वयंपाकघराच्या फरशीवर घसरून फ्रिजवर आपटतो आणि फ्रिज हूं करतो. ती काही सेकंद भरून काढायला घातलेली गंमत होती, मीच सुचवलेली. रेघ सरळ वर गेली.

मग खिडकी आली. पाद्रीबाबांचे बोलणे झुलू लागले. पहिला आमेन आला, दुसरा आला. रेघ हळूहळू खाली उतरली आणि शेवटच्या, त्या खोल आमेनला जमिनीला टेकली.

लोर्ना मात्र रीत मोडून काचेतून लोकांकडे बघत होती. "ते रडतायत," ती म्हणाली.

खरेच रडत होते. पुढच्या रांगेतल्या धिप्पाड माणसाने टोपी काढून तोंडावर धरली होती. एक बाई बटण मांडीवर टाकून दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. तिच्या शेजारच्याने तिला रुमाल दिला होता आणि स्वतः बाहीने काम भागवत होता. बटणाला कोणाचाच हात नव्हता.

"हो, पण रेघ?" केंडल म्हणाला.

"रडताना बटण कोण फिरवतं, केंडल?"

"लोर्ना, तुझं लिखाण आम्हाला फार आवडतं," केंडल म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते. "पण मी वरती डोळे नाही नेऊ शकत. रेघच न्यावी लागते."

रेघ वरती गेली, आणि वरून निर्णय आला. प्रेक्षकांना प्रेम नको आहे असे नाही, त्यांना फ्रिज हवा आहे. फ्रिजला धर्म नाही आणि वय नाही. तो घरातलाच असल्यामुळे पाळत ठेवण्याचा प्रश्न येत नाही. कुत्रा आणि फ्रिज यांच्या प्रेमाला कायदा विभागाने हरकत नसल्याचे कळवले. आमच्या कार्यक्रमात जाहिरात देणाऱ्या एका कंपनीने तर, वॅफल ज्या दाराचे चुंबन घेईल ते दोन झडपांचे असावे, एवढी एकच विनंती केली.

उरला ओडेसाबाईंचा आवाज. तो ध्वनिमुद्रित झालेलाच होता, आणि फ्रिजला काहीतरी आवाज हवाच होता. ध्वनी विभागाने शेवटचा आमेन घेतला, आणखी खाली ओढला, लांबवला, आणि फ्रिजच्या पोटात घातला.

कार्टूनचा एक भाग व्हायला जवळजवळ वर्ष लागते. तोवर ऑपरेशन झाले होते. ओडेसाबाई आता कागद घासल्यासारख्या आवाजात बोलत आणि मागच्या रांगेत गप्प बसत. भागाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले चिकन होते, बटाट्याचे सॅलड होते, पीचचा गरम गोड पदार्थ होता, आणि टोपी घातलेल्या ओडेसाबाई टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत होत्या. लोर्नाने त्यांना काही सांगितले नव्हते. कसे सांगायचे ते जुळवायला म्हणून ती वाटेत मोटार थांबवून बसली होती, मला बरोबर घेऊन. पण तिला शब्द सुचले नाहीत आणि मला तर पगारच विनोदाचा मिळतो.

भाग सुरू झाला. वॅफल घसरला, आपटला. पोरे खिदळली. मग चर्च आलेच नाही. वॅफल स्वयंपाकघरात फ्रिजसमोर बसला, कान ढिले पडले, आणि फ्रिज म्हणाला, हूं.

"सिस्टर," लोर्ना खाली वाकून म्हणाली, "मला माफ करा. त्यांनी—"

"श्श." ओडेसाबाईंनी हात वर केला. "पोरी, ही मी आहे."

"नाही हो, हा फ्रिज..."

"मी माझा आमेन ओळखत नाही होय? हा शेवटचा. मी सूर किती खाली टेकवलाय बघ." आणि त्या हसल्या. खांदे हलले, आवाज आला नाही. "माझं नशीबच तसलं. आता बर्फाच्या डब्याच्या मागे उभी केली."

पडद्यावर फ्रिज पुन्हा हूं करू लागला. पाद्रीबाबांच्या हातात चिकनचा तुकडा होता. तो तसाच हातात ठेवून त्यांनी त्या सुराला आपला सूर लावला. मग मागची रांग आली, मग सगळा हॉल, तोंड मिटून, नुसत्या गुंजारवात. त्या गोष्टीला मी काय म्हणू? फ्रिजचे भजन चालले होते, आणि देव त्या वेळी हॉलमध्ये नव्हता असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

वाहिनीकडून दुसऱ्या दिवशी फोन आला. भाग प्रचंड गाजला होता. दोन झडपांचे फ्रिज दुकानांतून संपले होते. पुढच्या वर्षीपासून फ्रिजची स्वतंत्र मालिका निघणार होती. वॅफल त्यात अधूनमधून येईल, वेळ मिळाला तर. "आम्हाला अतिशय आवडलं," केंडल म्हणाला, आणि हर्शेलने सवयीने कपाळाला हात लावला.

आता तुम्ही केंडलला नावे ठेवाल. जरूर ठेवा, तो ऐकून घेतो. पण तेवढे एक खरे सांगा. वर ओडेसाबाई गात होत्या, पाद्रीबाबांचे बोलणे झुलत होते, तेव्हा तुमची नजर जरा भरभर खाली सरकली की नाही? आणि फ्रिज आल्यावर तुम्ही सावरून बसलात की नाही? रडला असाल तर माफी मागतो. पण ते आम्हाला इथून दिसत नाही. आम्हाला फक्त रेघ दिसते.